किमोनोवरची शेवंती, अस्तरातली करडई

मागच्या अंकात मी एका जुन्या जपानी किमोनोबद्दल थोडंसं लिहिलं होतं. ओळखीतल्या एका घरी जुनी ट्रंक उघडल्यावर निघालेला, काळं रेशीम आणि खालच्या अंगाला द्राक्षाच्या घडासारखे लोंबणारे जांभळे घोस, ती फुजी नावाची वेल. तुमच्याकडं असं काही असेल तर विचारा म्हटलं होतं, तर खरंच पत्रं आली. सोलापूर चादरीचं गाव, घरटी कुणीतरी मागावर बसलेलं नाहीतर गिरणीत गेलेलं, त्यामुळं नुसतं छान आहे म्हणून कुणी थांबलेलं नाही, धागा कुठला, रंग कशाचा, हे फूल तिथं कसं आलं असंच सगळे विचारायलेत. मी स्वतः बरीच वर्षं जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, डिझाइनचे ग्राफ काढलेत, चौकटी मोजून त्यात फूल बसवायचं काम, म्हणून कापडावर फूल दिसलं की ते कुणी आणि कशानं बसवलं हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. जमेल तेवढ्या पत्रांना उत्तर देते.

प्रश्न : माझ्या मुलानं क्योतोच्या बाजारातनं जुना रेशमी किमोनो आणलाय, कुठल्याशा देवळात महिन्यातनं एकदा भरतो तो बाजार. त्यावर गुलाबी पाच पाकळ्यांची फुलं आहेत आणि शेवंतीपण आहे. मुलगा म्हणतो ती चेरी. पण चेरी वसंतातली आणि शेवंती दसरा-दिवाळीची, मग दोन्ही एकत्र कशी? पुतणीच्या लग्नात घालावा म्हणते, चालेल का?
(एक काकू, होटगी रोड)

काकू, तो बाजार बहुतेक तोजी देवळातला असणार, दर महिन्याच्या २१ तारखेला भरतो, तिथं जुन्या किमोनोंचे ढीगच्या ढीग असतात. आधी फूल नक्की करू. पाकळी जवळनं बघा, टोकाला मधोमध छोटीशी खाच असेल तर ती साकुरा म्हणजे चेरी. टोक गोल, खाच नाही, तर ती उमे, म्हणजे तिकडचा प्लम, तो ऐन थंडीत पानं फुटायच्या आधी फुलतो. आणि पाकळ्या टोकदार, चांदणीसारख्या असतील तर किक्यो, ते शरदातलं फूल. रंगावर जाऊ नका, गुलाबी काहीही रंगवलेलं असतं.

आता महिन्याचं. तिकडं किमोनोवरचं फूल म्हणजे जवळजवळ तारीखच असते. नुसती चेरी, फांदीसकट हुबेहूब काढलेली असेल तर ती झाडावरची चेरी फुलायच्या थोडं आधी घालतात आणि झाडं बहरली की कपाटात ठेवतात, कारण खरं फूल समोर असताना कापडावरच्या फुलानं त्याच्याशी बरोबरी करू नये असं मानतात. मला हे फार आवडतं. शरदातल्या गवतफुलांचं पण तसंच, हागीची बारीक फुलं, आपल्या काशाच्या तुऱ्यासारखं सुसुकी गवत, ही उकाडा अजून संपलेला नसतो तेव्हाच घालायला लागतात, बघणाऱ्याला जरा गार वाटावं म्हणून. पण तुमच्याकडं चेरी आणि शेवंती एकत्र आहेत ना, म्हणजे काढणाऱ्यानं वसंत आणि शरद दोन्ही मुद्दाम घेतलेत, तो किमोनो वर्षभर चालतो, चूक वगैरे काही नाही. सगळ्यांनाच कुठं दर महिन्याला वेगळं रेशीम परवडणार.

शेवंतीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडं ती हाराची आणि पूजेची, स्वस्तातली, आणि तिकडं ती सगळ्यात मानाची. मूळची चीनमधनं गेलेली, तिथल्या नवव्या महिन्याच्या नवव्या दिवसाच्या सणाबरोबर. सोळा पाकळ्यांची शेवंती हे राजघराण्याचं चिन्ह, जपानी पासपोर्टवर पण शेवंतीच असते. मुलाकडं येनची नाणी उरली असतील तर बघा की, ५० येनवर शेवंती आणि १०० येनवर चेरी, म्हणजे तुमच्या किमोनोवरची दोन्ही फुलं त्याच्या खिशात पण असतील. आणि शेवंतीच्या खालनं पाण्याच्या लाटा वाहताना दाखवल्या असतील तर ते किकुसुई, दीर्घायुष्याची खूण, शेवंतीवरनं आलेलं पाणी पिणारा म्हातारा होत नाही अशी जुनी गोष्ट आहे.

लग्नात घालायचं म्हणता तर आधी बाह्या बघा. लोंबून पार घोट्याच्या जवळ येत असतील तर ते फुरिसोदे, लग्न न झालेल्या मुलींचं, मग ते पुतणीच्या धाकट्या बहिणीला द्या. काळा असेल, फुलं फक्त कमरेच्या खाली असतील आणि वर पाच छोटी पांढरी चिन्हं असतील, पाठीवर एक, बाह्यांच्या मागं दोन, छातीवर दोन, तर तो लग्न झालेल्या जवळच्या नातेवाईक बायकांनी लग्नातच घालायचा प्रकार, म्हणजे तुमच्यासाठीच म्हणा ना. आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका, घालताना डावी बाजू वर, उजवी आत. उलटं फक्त मयताला घालतात. जिवंत माणसानं डावी बाजू वर घ्यायची हा नियम तिकडं ७१९ सालापासनं आहे, तेव्हा लग्नाच्या फोटोत ते उलटं यायला नको.

अस्तराचा असेल तर तिकडं ऑक्टोबर ते मे घालतात, जून आणि सप्टेंबरात बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टमध्ये जाळीदार विणीचा. सोलापूरच्या मे महिन्यात अस्तराचं रेशीम अंगावर घेऊ नका, घाम रेशमाला खातो, लग्न मार्गशीर्षात असेल तर घाला.

प्रश्न : मी यंत्रमागावर काम करतो, आमचं घराणं तेलंगणातनं आलेलं विणकराचं. पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातनं बायकोसाठी किमोनो घेतला. गुलाब आहेत, ताटाएवढे, पण सगळ्या कडा पुसट, रंग इकडं तिकडं सरकल्यासारखा. दुकानदार म्हणाला प्रिंट बिघडलेला माल आहे म्हणून कमीत दिला. मला तर प्रिंट वाटत नाही. काय आहे हे?
(एक वाचक, विडी घरकुल)

तुमची नजर बरोबर आहे दादा, दुकानदाराची चुकली. आत्ताच्या आत्ता तो किमोनो उलटा करून आतली बाजू बघा (अस्तर असेल तर खालच्या कडेला एखादा टाका सैल करून बघा). उलट्या बाजूला पण गुलाब तेवढाच गडद असेल तर तो मेइसेन नावाच्या रेशमाचा आहे आणि रंग कापडावर चढवलेला नाही, धाग्यावर चढवलाय. तुमच्या घरात पोचमपल्लीची साडी नक्की असेल, तिच्या नक्षीच्या कडा कशा पिसासारख्या हलतात, तीच गोष्ट. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा आधी रंगवला की विणताना तो केसभर सरकतोच, ती सरकलेली कड म्हणजे बिघाड नव्हे, सहीच आहे ती.

फक्त पोचमपल्लीत धागे बांधून बांधून रंगवतात, आणि मेइसेनवाल्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळीच युक्ती काढली. ताणा लावायचा, त्यात विरळ विरळ तात्पुरता बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून तो नुसता धरून ठेवायचा, मग त्या ताण्यावर स्टेन्सिल ठेवून रंग छापायचा, आणि पुन्हा मागावर चढवून विणत जायचं, विणताना तो तात्पुरता बाणा काढत जायचा. या उसवण्यालाच होगुशी म्हणतात. म्हणजे बांधायची मेहनत वाचली आणि ताटाएवढा गुलाब, चार-पाच रंगांत, भराभर निघायला लागला. ज्यांनी माग चालवलाय त्यांनाच कळेल ही युक्ती किती हुशारीची आहे ते, मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा त्या रात्री बराच वेळ तेच डोक्यात होतं.

रेशीम पण त्यांनी साधं घेतलं. दोन किड्यांनी मिळून केलेला कोष असतो, त्याचा धागा गाठीगाठीचा निघतो, उंची कापडाला चालत नाही, तो इथं वापरला, म्हणून किंमत आवाक्यात राहिली. टोकियोच्या उत्तरेला आणि पश्चिमेला इसेसाकी, चिचिबु, आशिकागा, किर्यू, हाचिओजी ही पाच गावं यासाठी नावाजलेली, सोलापूर-इचलकरंजीसारखीच मागांची गावं म्हणा. तैशो काळ म्हणजे १९१२ ते १९२६ आणि त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं हा मेइसेनचा बहर. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या, ऑफिसात, दुकानात नोकरी करणाऱ्या मुलींनी तो घातला. आणि फुलं बघा कुठली, गुलाब, ट्यूलिप, डेलिया, ही काही जपानी कवितेतली जुनी फुलं नव्हेत, ही युरोपातनं आलेली. ऋतूचा नियम त्यांना कुणी लावलाच नव्हता, त्यामुळं मुलींना ती कधीही घालता आली. रंग सुद्धा कारखान्यातले नवे रासायनिक, झणझणीत जांभळा, मोरपंखी, केशरी. म्हणून तुमचा गुलाब शंभर वर्षांचा असू शकतो आणि तरी आजचा वाटतो.

कमीत मिळाला ते चांगलंच झालं. बायकोला सांगा, एक बाजू उन्हानं विटली तर कापड उलटून पुन्हा शिवता येतं, तिकडं तसं करायचेच.

प्रश्न : पांढऱ्या किमोनोच्या विणीतच बारीक स्वस्तिक दिसतात, एकमेकांत अडकवलेले, त्यावर फुलं. हे हिंदू चिन्ह तिकडं कसं? का जर्मनीचं काही?
(कॉलेजातला एक वाचक, दत्त चौक)

जर्मनीचा काही संबंध नाही, ही नक्षी त्याच्या शेकडो वर्षं आधीची. हिला सायागाता म्हणतात, चीनमधनं साया नावाचं रेशीम यायचं त्याच्या विणीत ती असायची, त्यावरनं नाव. स्वस्तिक बौद्ध धर्माबरोबर भारतातनं चीन, चीनमधनं जपान असा गेला, तिकडं त्याला मान्जी म्हणतात आणि नकाशात बौद्ध देवळाची खूण पण तीच असते. एकाला एक जोडून न संपणारी जाळी झाली की ते चांगलं लक्षण, न तुटणारं. रिन्झु नावाच्या चकचकीत रेशमात ही तळाला विणलेली असते आणि फुलं वरनं रंगवलेली, उजेड तिरका पडला तरच दिसते.

प्रश्न : मी चित्रकला शिकवते. माझ्याकडच्या किमोनोवर पियोनी, म्हणजे ते भरगच्च पाकळ्यांचं मोठं फूल आहे, प्रत्येक पाकळीला पांढरी बारीक रेघ. हातानं काढलेलं आहे की छापलेलं, हे ओळखायचं कसं?
(एक शिक्षिका, जुळे सोलापूर)

बाई, ती पांढरी रेघ म्हणजे खरं तर रेघ नाहीच, ती रंग न लागलेली जागा आहे. तांदळाच्या पिठाची चिकट खळ एका कोनातनं, मेंदीच्या कोनासारख्याच, बारीक पिळून बाह्यरेषा काढतात, ती वाळली की आत ब्रशनं रंग भरतात, खळीच्या बांधामुळं एक रंग दुसऱ्यात जात नाही, मग वाफ देऊन रंग पक्का करतात आणि पाण्यात खळ धुतात, खळ गेली की खाली कोरं पांढरं रेशीम उरतं. याला यूझेन म्हणतात. क्योतोत सतराव्या शतकाच्या शेवटी मियाझाकी यूझेन नावाचा पंखे रंगवणारा कलाकार होता, त्याच्या चित्रांवरनं हे नाव पडलं. त्याच्या थोडं आधी, १६८३ साली, सरकारनं सोन्याचं भरतकाम आणि सगळं अंग भरून केलेल्या बांधणीवर बंदी घातली होती, लोकांनी फार उधळपट्टी करू नये म्हणून, मग नटायचं कशानं, तर रंगानं आणि चित्रानं. बंदीमुळं अशी एक कला मोठी झाली.

ओळखायचं म्हणजे, त्या पांढऱ्या रेघेची जाडी बघा. हाताची असेल तर वळणावर जरा जाड, टोकाला निमुळती, दोन फुलं कधीच सारखी येत नाहीत. छापाची असेल तर तेच फूल तसंच्या तसं हातभर अंतरावर पुन्हा येतं. आणि शिवण बघा. चांगल्या किमोनोवर फांदी शिवण ओलांडून दुसऱ्या पट्टीवर न तुटता जाते, कारण आधी कापड कच्चं शिवून त्यावर चित्र आखतात, पुन्हा उसवून रंगवतात.

ते आखायचं कशानं हे तर तुमच्या मुलांना वर्गात सांगाच. आपल्याकडं पावसाळ्यात बांधावर केना उगवतो ना, भाजी करतात त्याची, बारीक निळं फूल, त्याच जातीचं मोठ्या फुलाचं झाड तिकडं लावतात, आओबाना. त्या फुलाच्या निळ्या रसानं आखणी करतात, कारण पाणी लागलं की तो रस खूण न ठेवता निघून जातो. म्हणजे तुमची पियोनी आधी एका दुसऱ्या फुलाच्या रसानं काढली गेली होती आणि ते फूल धुऊन गेलं.

अजून एक, पाकळीचा गडद रंग कुठं आहे बघा. कानाझावाकडच्या कामात, कागा यूझेन म्हणतात त्याला, बहुतेक रंग कडेला गडद आणि आत फिका होत जातो, पानाला किड्यानं खाल्लेलं भोक सुद्धा दाखवतात. क्योतोत उलटं, आत गडद आणि बाहेर फिका, वर सोन्याचा वर्ख नाहीतर भरतकाम. मला स्वतःला ते किडलेलं पान जास्त जवळचं वाटतं, काढणारा झाडाशी जाऊन बसला होता हे त्यातनं कळतं.

प्रश्न : मी टेक्स्टाइल डिझाइन शिकते. आमच्या वर्गात वाद झाला, किमोनोचं सगळं डिझाइन चीनमधनं आलंय असं एकीचं म्हणणं आणि मी म्हणते भारताचं पण आहे. कोण बरोबर?
(एक विद्यार्थिनी, सात रस्ता)

दोघी अर्ध्या अर्ध्या. चीनचा वाटा मोठाच, पियोनी तिकडनंच आली आणि तिला फुलांचा राजा मानतात ते पण चिनी लोकांचंच बघून. शेवंतीचं वर सांगितलं. पाइन, बांबू आणि प्लम एकत्र दिसले की ते पण चिनी, थंडीत टिकून राहणारे तीन सोबती, जपानात ते लग्नकार्याचं शुभ लक्षण झालं. पण वेलबुट्टी बघ, ज्याला ते काराकुसा म्हणतात, गोल गोल वळत जाणारी वेल, ती ग्रीस, इराण, भारत, मध्य आशिया असं करत करत चीनमधनं जपानात पोचली. नारामध्ये शोसोइन नावाचं आठव्या शतकातलं लाकडी कोठार आहे, तिथल्या कापडांवर होसोगे नावाचं फूल आहे, ते कुठल्याच झाडावर येत नाही, थोडं कमळ, थोडी पियोनी, आणखी काय काय मिळून झालेलं. वाटेत प्रत्येकानं आपली एक पाकळी लावली असं म्हण.

मग सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि नंतर डच जहाजांतनं आपल्या पूर्व किनाऱ्यावरचं छापील आणि कलमनं रंगवलेलं सुती कापड तिकडं गेलं. तिकडं त्याला सारासा म्हणतात. ते इतकं महाग आणि हौसेचं होतं की लहान लहान तुकडे करून चहाच्या भांड्यांच्या पिशव्या शिवायचे, तुकड्यांची वही करून जपायचे. पुढं त्यांनी स्वतः सारासा छापायला घेतला. चेन्नईजवळच्या साओ तोमे वसाहतीवरनं एका पट्ट्यांच्या कापडाचं नाव सांतोमे पडलं. आणि आता हे वहीत लिहून ठेव, चाउजिमा. हे एक पातळ पट्ट्यांचं रेशीम, पुरुषांच्या हाकामाला, म्हणजे घेरदार विजारीसारख्या कपड्याला, वापरायचे, आणि यातलं चाउ म्हणजे आपलं चौल, अलिबागजवळचं, रेवदंड्याच्या बाजूचं. पोर्तुगीज ते तिथनं घेऊन गेले आणि नंतर क्योतोच्या विणकरांनी त्याची विण उचलली. आपण चौलला समुद्र बघून आणि नारळपाणी पिऊन येतो, आणि तिकडं त्या गावाच्या नावाचं कापड आहे.

पण एवढ्यावरनं सगळं उसनं असं पण म्हणू नकोस. ओगाता कोरिन, १६५८ ते १७१६, हा क्योतोच्या किमोनोच्या दुकानदाराच्या घरात वाढलेला. त्यानं प्लमचं फूल इतकं सोपं केलं, जवळजवळ नुसता गुबगुबीत गोल, की त्याच्यानंतर डिझाइनच्या छापील पुस्तकांतनं 'कोरिन नक्षी' म्हणून ती घराघरात गेली. ते फूल चीनचं नाही, आपलं नाही, ते त्याचंच. आणि उलटा प्रवास पण झाला. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनानंतर युरोपात जपानी नक्षीचं वेड लागलं, त्यातनं आर्ट नूवो नावाच्या तिकडच्या सजावटीच्या शैलीची लांब वळणाची फुलं आली, आणि तीच फुलं पुढं जपानी डिझाइनवाल्यांनी परत घेतली. कामिसाका सेक्का नावाचे क्योतोचे डिझाइनर १९०१ मध्ये ग्लासगोचं प्रदर्शन बघायला गेले, तिथं त्यांना हेच दिसलं. वर विडी घरकुलच्या वाचकांचे गुलाब आहेत ना, ते या परतीच्या प्रवासातले.

प्रश्न : कमळ कुठंच दिसत नाही किमोनोवर, असं का? बौद्ध देश ना तो?
(एक आजी, बाळीवेस)

आजी, बौद्ध आहे म्हणूनच. कमळ तिकडं देवळाचं आणि श्राद्धाचं, मयताच्या विधीशी जोडलेलं, त्यामुळं सणासुदीच्या कपड्यावर ते सहसा घेत नाहीत. आपल्याकडं पैठणीच्या पदरावर कमळ नसेल तर चुकल्यासारखं वाटतं, तिकडं असलं तर चुकल्यासारखं वाटेल. पैठणी नेसून जपानी पाहुण्यांपुढं गेलात तर नक्की सांगा त्यांना की हे लक्ष्मीचं आसन आहे.

प्रश्न : मी गिरणीतनं रिटायर झालो, जकार्डवर होतो. जपानमध्ये जकार्ड कधी गेला? किमोनोच्या पट्ट्यावरचं विणकाम बघितलं, आपल्या चादरीसारखं वाटलं.
(एक वाचक, साखर पेठ)

वाटणारच काका, यंत्र तेच. पट्टा म्हणजे ओबी, आणि क्योतोत निशिजिन नावाचा विणकरांचा भाग आहे तिथनं तो येतो. निशिजिन म्हणजे पश्चिमेची छावणी, १४६७ ते १४७७ चं मोठं युद्ध झालं त्यात एका फौजेचा तळ तिथं होता, युद्ध संपल्यावर विणकर तिथं परत येऊन बसले. पुढं राजधानी क्योतोहून टोकियोला गेली, गिऱ्हाईक गेलं, माग बंद पडायची वेळ आली, तेव्हा १८७२ मध्ये तिथनं तिघांना फ्रान्समध्ये लिओंला पाठवलं, साकुरा त्सुनेशिची, इनोउए इहेई आणि योशिदा चुशिची. पहिले दोघं पुढच्या वर्षी जकार्ड घेऊन परतले. योशिदा शिकण्यासाठी मागं राहिले आणि १८७४ मध्ये परत येताना जपानच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं त्यात गेले. घर दिसायच्या अंतरावर. १८७७ मध्ये आराकी कोहेई नावाच्या कारागिरानं लाकडाचा देशी जकार्ड करून दाखवला, आणि आपल्या सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली ते पण १८७७ च.

पण निशिजिनमध्ये जकार्डशिवायचं पण एक काम आहे, त्सुझुरे, बाण्याचे वेगवेगळे रंग आपापल्या जागेपुरते फिरवून फूल भरायचं, म्हणजे आपल्या पैठणीच्या पदराचीच रीत. तिथले विणकर बोटाच्या नखांना करवतीसारखे दाते पाडून घेतात आणि त्या नखानं धागा ठोकून बसवतात. तुम्ही मागावर हात घातलाय, तुम्हाला त्या नखांची कल्पना येईल.

प्रश्न : आईच्या मैत्रिणीनं दिलेला किमोनो आहे, आतनं लालभडक अस्तर. घालणं काही होत नाही. कापून ब्लाऊज आणि कुशन कव्हर शिवू का? आधी घरी धुतला तर चालेल ना, वास येतोय.
(एक वाचक, मोदी)

थांबा, कात्री खाली ठेवा. पाण्यात तर मुळीच घालू नका.

आधी त्या लालबद्दल. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बऱ्याच किमोनोंना असं लाल रेशमी अस्तर असतं, मोमी म्हणतात, म्हणजे तुमचा किमोनो बहुधा ऐंशी वर्षांच्या वरचा आहे. हा लाल मूळचा कशाचा माहितेय, करडईच्या फुलांचा. आपल्या जिल्ह्यात ज्वारीच्या रानात काट्याकाट्यांची उभी असते तीच करडई, आपण तेल काढतो, ते फुलं वेचतात. यामागाता भागातली बेनिबाना म्हणजे करडई यासाठी नावाजलेली. त्या फुलात पिवळा रंग खूप आणि लाल अगदी थोडा. पिवळा साध्या पाण्यात धुऊन टाकतात, लाल पाण्याला सुटतच नाही, तो राखेच्या पाण्यात सुटतो, मग त्यात आंबट घालून रेशमावर बसवतात. म्हणून तो रंग सोन्यासारखा महाग असायचा, आणि अंगाला ऊब देतो असं मानून आतनं लावायचे. आता तुम्हीच बघा, साबण आणि सोडा हे राखेच्या पाण्यासारखेच क्षारी, ज्यानं तो लाल फुलातनं काढला त्यातच तुम्ही तो भिजवणार. सगळा लाल सुटून वरच्या फुलांवर जाईल. नंतरच्या काळातला रासायनिक लाल असला तरी तो पण पाण्यात रंग सोडतो. खात्री करायची तर आतल्या कोपऱ्यात ओला पांढरा सुती बोळा हलकेच टेकवून बघा. आणि बाहेरचं कापड बारीक सुरकुत्यांचं क्रेप असेल तर ते पाण्यानं खूप आखडेल, पुन्हा सरळ करणं अवघड असतं.

वासासाठी सावलीत, वाऱ्याला, दांडीवर बाह्या पसरून दोन-तीन दिवस टांगा. आपली सोलापूरची कोरडी हवा याला एकदम चांगली, तिकडं लोक कोरड्या दिवसांची वाट बघत बसतात कपडे वारवायला. ऊन नको, करडईचा लाल उन्हात फार लवकर उडतो.

कापण्याचं म्हणाल तर किमोनोला मुळात कापून आकार दिलेलाच नसतो. साधारण ३७ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब असा एकच ताका, नऊवारीपेक्षा लांब, त्याच्या सरळ आठ पट्ट्या, अंगाच्या दोन, बाह्यांच्या दोन, पुढच्या दोन, गळ्याच्या दोन, आणि सगळ्या साध्या हाताच्या टाक्यानं जोडलेल्या. काहीच वाया घालवलेलं नसतं, जास्तीचं कापड शिवणीत आत दुमडलेलं असतं. पूर्वी धुवायचा म्हणजे सगळा उसवून पट्ट्या जोडून पुन्हा ताका करायचे, धुवायचे, ताणून वाळवायचे, परत शिवायचे. आईचा मुलीला व्हायचा तो असा. तेव्हा तुम्हाला खरंच वापरायचाच असेल तर उसवा, कापू नका. उसवलेल्या पट्टीची ओढणी होईल, भिंतीवर लांब पट्टी लावता येईल, आणि उद्या तुमच्या मुलीला वाटलं तर परत किमोनो होईल. ब्लाऊजच्या कटोरीत कापलेलं फूल परत जोडता येणार नाही. पण उसवायच्या आधी पुढून, मागून आणि अस्तराचे फोटो काढून ठेवा, कुठली पट्टी कुठं होती ते नंतर आठवत नाही.

ठेवताना डांबराच्या गोळ्या घालू नका, सोन्याचा धागा असेल तर काळा पडतो. वेखंडाचा तुकडा फडक्यात बांधून बाजूला ठेवा, कापडाला न लागेल असा. शिवणीवरच घडी पडेल असं दुमडा, वर्ख किंवा भरतकाम असेल तिथं मध्ये पातळ पांढरा कागद घाला आणि धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून ठेवा. दसऱ्याच्या सुमाराला, पाऊस सरला की बाहेर काढा, वारं द्या, आणि परत ठेवताना घडी दोन बोटं सरकवून घाला, आपण पैठणीची सरकवतो तशी.